आनुभविक सूत्र

आनुभविक सूत्र म्हणजे एखाद्या संयुगातील मूलद्रव्यांच्या अणूंचे सर्वांत लहान पूर्णांकांतील गुणोत्तर दाखवणारे रासायनिक सूत्र होय. इंग्रजीत यास ‘एम्पिरिकल फॉर्म्युला’ म्हणतात. एका रेणूत प्रत्यक्षात किती अणू आहेत हे रेणुसूत्रावरून कळते. आनुभविक सूत्रावरून केवळ त्यांचे प्रमाण कळते. ग्लुकोजचे रेणुसूत्र सी६एच१२ओ६ असून आनुभविक सूत्र सीएच२ओ आहे. येथे सी ही कार्बनची, एच ही हायड्रोजनची आणि ओ ही ऑक्सिजनची संज्ञा आहे.

या सूत्राला ‘आनुभविक’ म्हणतात, कारण ते रेणूच्या रचनेविषयीच्या कोणत्याही कल्पनेवर आधारलेले नसते. पदार्थ जाळून किंवा अन्य रीतीने त्याचे विघटन करून प्रत्येक मूलद्रव्याचे वस्तुमान मोजायचे आणि त्यावरून सूत्र मांडायचे, एवढाच त्याचा आधार असतो. त्यामुळे ते विश्वासार्ह ठरते, पण अपुरेही राहते. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी या यंत्रमागांच्या शहरात याचे उदाहरण रोज पाहावयास मिळते. तेथील सुती ताण्याचा धागा सेल्युलोजचा असतो आणि विणताना तो तुटू नये म्हणून त्यावर चढवलेली पारंपरिक खळ पिष्टाची, म्हणजे स्टार्चची असते. या दोन्ही पदार्थांचे आनुभविक सूत्र एकच आहे : सी६एच१०ओ५. तरीही एक गरम पाण्यात शिजून लापशीसारखा होतो आणि दुसरा वर्षानुवर्षे धुतला तरी टिकतो.

सूत्र काढण्याची रीत

कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असलेल्या पदार्थाचे सूत्र काढण्यासाठी तोललेला नमुना भरपूर ऑक्सिजनमध्ये पूर्णपणे जाळतात. नमुन्यातील सर्व कार्बनचे कार्बन डायऑक्साइड आणि सर्व हायड्रोजनचे पाणी होते. ही दोन्ही उत्पादने शोषून घेऊन त्यांचे वजन करतात. ऑक्सिजनचे वस्तुमान सहसा थेट मोजत नाहीत. नमुन्याच्या वस्तुमानातून कार्बन व हायड्रोजन वजा करून ते काढतात. त्यामुळे पहिल्या दोन मोजण्यांतील सर्व चुका ऑक्सिजनच्या आकड्यात जमा होतात.

समजा, पूर्णपणे वाळवलेल्या पिष्टाचा ०.३२४ ग्रॅम नमुना जाळल्यावर ०.५२८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ०.१८० ग्रॅम पाणी मिळाले. कार्बन डायऑक्साइडच्या ४४ भागांत कार्बनचे १२ भाग असतात, म्हणून कार्बन ०.१४४ ग्रॅम. पाण्याच्या १८ भागांत हायड्रोजनचे २ भाग असतात, म्हणून हायड्रोजन ०.०२० ग्रॅम. उरलेला ०.१६० ग्रॅम ऑक्सिजन. या वस्तुमानांना अनुक्रमे १२, १ आणि १६ या अणुवस्तुमानांनी भागले की मोलसंख्या मिळते : कार्बन ०.०१२, हायड्रोजन ०.०२० आणि ऑक्सिजन ०.०१०. यांपैकी सर्वांत लहान संख्येने, म्हणजे ०.०१० ने, तिन्ही संख्यांना भागल्यास १.२ : २ : १ हे गुणोत्तर येते.

विद्यार्थ्यांची सर्वाधिक चूक येथेच होते. १.२ हा आकडा १ च्या जवळचा समजून १ केला, तर सूत्र सीएच२ओ होते आणि कागदावर पिष्टाची साखर होते. पूर्णांक मिळवण्यासाठी संख्या जवळच्या पूर्णांकाकडे ओढून नेत नाहीत. तिन्ही संख्यांना एकाच लहान पूर्णांकाने गुणतात. येथे ५ ने गुणल्यावर ६ : १० : ५ हे गुणोत्तर येते. ०.५ हा अपूर्णांक आला तर २ ने, ०.३३ किंवा ०.६७ आला तर ३ ने, ०.२५ किंवा ०.७५ आला तर ४ ने आणि ०.२ च्या पटीत आला तर ५ ने गुणावे लागते. १.०२ सारखा आकडा मात्र मोजणीतील चूक समजून १ धरता येतो. दोहोंतील सीमा कोणती, हे मोजणी किती अचूक आहे त्यावर ठरते. सीएच२ओ मध्ये कार्बन ४०.० टक्के असतो, तर सी६एच१०ओ५ मध्ये ४४.४ टक्के. साडेचार टक्क्यांच्या आसपासचा हा फरक कोणत्याही बऱ्या विश्लेषणात लपून राहू शकत नाही. त्यामुळे सूत्र ठरवल्यावर त्यावरून टक्केवारी उलट काढून मूळ मोजणीशी ताडून पाहणे हा पडताळ्याचा सोपा मार्ग आहे.

आर्द्रतेचा परिणाम

वरील उदाहरणात ‘पूर्णपणे वाळवलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पिष्ट हवेतील बाष्प शोषून घेते. साध्या हवेत ठेवलेल्या पिष्टात साधारणपणे १० ते १३ टक्के पाणी असते, आणि कोकणपट्टीतील पावसाळी हवेत ते अधिकही असू शकते. सी६एच१०ओ५ या एककाचे वस्तुमान १६२ असते. अशा प्रत्येक एककामागे पाण्याचा एक रेणू, म्हणजे १८ भाग, असेल तर एकूण वस्तुमान १८० होते आणि त्यात पाणी बरोबर १० टक्के असते. असा ०.३६० ग्रॅम नमुना जाळला तर ०.५२८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ०.२१६ ग्रॅम पाणी मिळेल. त्यावरून कार्बन ०.१४४, हायड्रोजन ०.०२४ आणि ऑक्सिजन ०.१९२ ग्रॅम येईल. मोलसंख्या ०.०१२, ०.०२४ आणि ०.०१२; गुणोत्तर तंतोतंत १ : २ : १.

म्हणजे १० टक्के ओल असलेले पिष्ट कोणतीही शंका येऊ न देता सीएच२ओ हे ग्लुकोजचे सूत्र दाखवते. येथे तराजू चुकलेला नसतो आणि आकडेमोडही बरोबर असते, तरी उत्तर चुकीचे येते. याच कारणाने नमुना स्थिर वजन येईपर्यंत वाळवणे हा विश्लेषणाचा भागच मानला जातो : वाळवायचे, थंड करायचे, तोलायचे आणि लागोपाठच्या दोन वजनांत फरक राहिला नाही की मगच पुढे जायचे. कापसालाही हेच लागू पडते. प्रमाणित हवेत कोरड्या कापसाच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के आर्द्रता सुतात गृहीत धरली जाते आणि सुताच्या खरेदी-विक्रीतील वजनातही तिचा हिशेब होतो.

क्षारांच्या बाबतीत मात्र स्फटिकातील पाणी ही अशुद्धी नसते. मोरचुदाच्या निळ्या स्फटिकात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे ५ रेणू ठरलेल्या प्रमाणात असतात, म्हणून ते सूत्रात लिहिले जातात. पिष्टातील ओल हवेप्रमाणे बदलत राहते, म्हणून ती सूत्राबाहेर ठेवतात.

इतिहास

वस्तुमानावरून अणूंचे प्रमाण काढायचे तर अणुवस्तुमाने ठाऊक असावी लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नेमकी हीच अडचण होती. पाण्यात हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या वस्तुमानांचे प्रमाण १ : ८ आहे, यावर दुमत नव्हते. पण ऑक्सिजनचे अणुवस्तुमान ८ मानणाऱ्यांना पाण्याचे सूत्र एचओ मिळे, तर १६ मानणाऱ्यांना एच२ओ. एकाच मोजणीतून दोन सूत्रे निघत. इटालियन रसायनज्ञ स्टानिस्लाओ कानिझारो यांनी १८५८ मध्ये अणुवस्तुमाने ठरवण्याची सुसंगत पद्धत मांडली आणि १८६० च्या कार्ल्सरूए परिषदेनंतर हा गोंधळ हळूहळू मिटला.

सेंद्रिय पदार्थांच्या विश्लेषणाला खरा वेग आला तो युस्टुस फोन लीबिग यांच्यामुळे. त्यांनी १८३१ मध्ये काचेच्या पाच फुग्यांचे एक साधे उपकरण तयार केले. त्यात भरलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ज्वलनातून आलेला कार्बन डायऑक्साइड शोषला जाई आणि उपकरणाच्या वाढलेल्या वजनावरून कार्बन समजे. पुढे ऑस्ट्रियाचे फ्रिट्स प्रेगल यांनी ही पद्धत काही मिलिग्रॅम नमुन्यावर करता येईल इतकी सूक्ष्म केली. त्यासाठी त्यांना १९२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आन्सेल्म पायां आणि एकच सूत्र असलेले दोन पदार्थ

सेल्युलोजचा शोध आनुभविक सूत्रामुळेच लागला आणि त्या सूत्राची मर्यादाही त्याच शोधातून उघड झाली. फ्रेंच रसायनज्ञ आन्सेल्म पायां यांनी निरनिराळ्या वनस्पतींच्या ऊती आम्ल, अमोनिया इत्यादींनी धुऊन घेतल्या. मागे उरणारा तंतुमय पदार्थ प्रत्येक वेळी सारख्याच घटनेचा निघाला. १८३८ मध्ये त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. आजच्या अणुवस्तुमानांनुसार त्या पदार्थाची घटना सी६एच१०ओ५ अशी येते. ही घटना पिष्टाच्या घटनेशी जुळते, हे पायां यांच्या ध्यानात आले होते. घटना एकच पण गुणधर्म भिन्न, असे पदार्थ तोपर्यंत अज्ञात नव्हते. बर्झेलियस यांनी अशा पदार्थांसाठी १८३० च्या सुमारास समघटकता ही संज्ञा रूढ केली होती. पायां यांच्या पदार्थाला पुढल्याच वर्षी ‘सेल्युलोज’ हे नाव मिळाले.

याच पायां यांनी १८३३ मध्ये झां-फ्रांस्वा पेर्सो यांच्यासह मोड आलेल्या सातूपासून डायास्टेज हे विकर वेगळे केले होते. पिष्टाचे साखरेत रूपांतर करणारे हे विकर, म्हणजेच अमायलेजचा एक प्रकार, आज कापडावरची खळ काढण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या विकरांचा पूर्वज म्हणता येईल.

कोऱ्या सुती कापडाला रंग नीट बसावा यासाठी आधी खळ काढावी लागते. कापड अमायलेजच्या कोमट द्रावणात भिजवून ठेवले की विकर पिष्टाची साखळी तोडते आणि तिचे तुकडे पाण्यात विरघळून जातात. ज्या धाग्यावर ही खळ बसलेली असते त्या सेल्युलोजला विकर शिवतही नाही. दोन्ही पदार्थ ग्लुकोजच्याच एककांचे बनलेले असतात. पिष्टात ही एकके अल्फा प्रकारच्या बंधांनी जोडलेली असतात, तर सेल्युलोजमध्ये बीटा प्रकारच्या. त्यामुळे पिष्टाची साखळी वळते, तर सेल्युलोजच्या साखळ्या सरळ राहून एकमेकींशी हायड्रोजन बंधांनी घट्ट बांधल्या जातात. बंधाच्या दिशेतील हा फरक ज्वलनात पूर्णपणे पुसला जातो आणि दोन्हींपासून सारखाच वायू व सारखेच पाणी मिळते. विकराला मात्र तोच फरक ओळखता येतो. खळ निघाली की नाही हे पाहण्यासाठी कापडावर आयोडिनचे द्रावण टाकतात. निळा रंग आला तर पिष्ट शिल्लक आहे असे समजतात. ही चाचणीही सूत्रावर नव्हे, तर पिष्टाच्या वळलेल्या साखळीवर अवलंबून आहे.

भिवंडीपासून फार दूर नसलेल्या शहाड येथे व्हिस्कोज रेयॉनचे उत्पादन होते. लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोज विरघळवून पुन्हा तंतूच्या रूपात मिळवलेला हा पदार्थ आहे. त्याचे आनुभविक सूत्रही सी६एच१०ओ५ हेच आहे.

बहुवारिकांचे सूत्र

रेणूचे वस्तुमान ठाऊक असल्यास आनुभविक सूत्रावरून रेणुसूत्र काढता येते. रेणुवस्तुमानाला आनुभविक सूत्राच्या वस्तुमानाने भागून जी संख्या मिळते तिने सूत्रातील प्रत्येक अंक गुणायचा असतो. ग्लुकोजचे रेणुवस्तुमान १८० आणि सीएच२ओ चे वस्तुमान ३०; भागाकार ६, म्हणून सी६एच१२ओ६.

बहुवारिकांच्या बाबतीत हा मार्ग खुंटतो. ग्लुकोजची दोन एकके जोडून माल्टोज तयार होते. त्याचे सूत्र सी१२एच२२ओ११ असून त्यात कार्बन ४२.१ टक्के असतो. साखळी वाढत गेली की टोकांवरच्या पाण्याच्या एका रेणूचा वाटा नगण्य होत जातो. १०० एककांच्या साखळीत कार्बन ४४.४० टक्के असतो, तर अतिदीर्घ साखळीत ४४.४४ टक्के. एवढा सूक्ष्म फरक ज्वलनातून पकडता येत नाही. त्यामुळे सूत्र (सी६एच१०ओ५)एन असे लिहितात आणि एन किती, हे विश्लेषण सांगू शकत नाही. हे रेणू खरोखरच प्रचंड आहेत की लहान रेणूंचे पुंजके आहेत, यावर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत वाद चालू होता. हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० पासून दीर्घ साखळ्यांची बाजू मांडली आणि त्यांना १९५३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आज अनेक मागांवर सुताबरोबर किंवा सुताऐवजी पॉलिस्टर असते. त्यात कार्बन ६२.५, हायड्रोजन ४.१७ आणि ऑक्सिजन ३३.३३ टक्के असतो. अणुवस्तुमानांनी भागल्यास ५.२१ : ४.१७ : २.०८ आणि लहान संख्येने भागल्यास २.५ : २ : १ हे गुणोत्तर मिळते. २ ने गुणून आनुभविक सूत्र सी५एच४ओ२ येते. पॉलिस्टरच्या साखळीत वारंवार येणारे एकक मात्र सी१०एच८ओ४, म्हणजे याच्या दुप्पट असते.

पॉलिस्टर आणि कापूस एकत्र कातलेल्या सुताला आनुभविक सूत्र नसते. ६७ टक्के पॉलिस्टर व ३३ टक्के कापूस असलेल्या कोरड्या सुतात कार्बन सुमारे ५६.५ टक्के भरेल आणि त्यावरून काहीतरी गुणोत्तरही काढता येईल. पण ते कोणत्याही पदार्थाचे सूत्र नसेल. स्थिर प्रमाणाचा नियम संयुगांना लागू पडतो, मिश्रणांना नाही. अशा सुतातील घटक ठरवण्यासाठी ७५ टक्के सल्फ्युरिक आम्लात कापूस विरघळवून उरलेले पॉलिस्टर तोलण्याची प्रमाणित पद्धत वापरतात.

सांडपाण्यातील ऑक्सिजनची मागणी

पदार्थाच्या पूर्ण ज्वलनास किती ऑक्सिजन लागेल हे ठरवायचे असेल, तर रचना ठाऊक असण्याची गरज नसते. आनुभविक सूत्र पुरते. सी६एच१०ओ५ च्या एका एककाला ऑक्सिजनचे ६ रेणू लागतात. म्हणजे १६२ ग्रॅम पिष्टास १९२ ग्रॅम, किंवा १ किलोग्रॅमला सुमारे १.१९ किलोग्रॅम ऑक्सिजन. खळीतील पिष्ट पाण्यात गेले की सूक्ष्मजीव ते खातात आणि अखेरीस जवळपास तेवढाच ऑक्सिजन पाण्यातून काढून घेतात. उन्हाळ्यातील नदीच्या एक लिटर पाण्यात फार तर ८ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळलेला असतो. म्हणजे १ किलोग्रॅम पिष्ट जवळपास दीड लाख लिटर पाण्यातील सगळा ऑक्सिजन संपवू शकते. सुती ताण्यावर खळीचे प्रमाण धाग्याच्या वजनाच्या साधारण ८ ते १५ टक्के असते, हे लक्षात घेता कापड उद्योगाच्या सांडपाण्यात खळीचा वाटा मोठा का असतो ते समजते. भारतात नदी-नाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यासाठी जैविक ऑक्सिजन मागणीची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅम आणि रासायनिक ऑक्सिजन मागणीची २५० मिलिग्रॅम आहे.

खळ चढते सायझिंगच्या कारखान्यात, पण पाण्यात उतरते ती प्रक्रियागृहात. भिवंडीत विणलेले पुष्कळसे कापड कोरेच बाहेरगावी जाते आणि हा भारही कापडाबरोबर जातो. जे कापड जवळपासच धुतले व रंगवले जाते, त्याचा भार स्थानिक नाल्यांवर आणि खाडीवर पडतो.

पिष्टाऐवजी पॉलिव्हिनाइल अल्कोहोल वापरले तर काय होईल, याचे उत्तर सूत्र अर्धेच देते. त्याचे आदर्श सूत्र सी२एच४ओ धरल्यास ४४ ग्रॅमला ८० ग्रॅम, म्हणजे १ किलोग्रॅमला सुमारे १.८२ किलोग्रॅम ऑक्सिजन लागतो; पिष्टाहून दीडपट. परंतु सामान्य सूक्ष्मजीव हा पदार्थ सावकाश विघटित करतात. म्हणून त्याची रासायनिक ऑक्सिजन मागणी जास्त आणि पाच किंवा तीन दिवसांच्या चाचणीतील जैविक मागणी कमी दिसते. केवळ दुसरा आकडा पाहणाऱ्यास सांडपाणी सुधारल्याचा भास होतो. शिवाय बाजारातील पॉलिव्हिनाइल अल्कोहोलमध्ये कमी-अधिक असिटेट गट शिल्लक असतात, त्यामुळे त्याची घटना आदर्श सूत्रापासून काहीशी ढळलेली असते.

आजची साधने

हाताने शोषक नळ्या तोलण्याची पद्धत आता प्रामुख्याने अभ्यासक्रमात उरली आहे. स्वयंचलित मूलद्रव्य विश्लेषकात २ ते ३ मिलिग्रॅम नमुना कथिलाच्या पातळ पुडीत बांधून सुमारे ९०० ते १००० अंश सेल्सियस तापमानास जाळतात आणि निघालेले वायू वेगळे करून मोजतात. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन व गंधक यांची टक्केवारी काही मिनिटांत मिळते. नव्या संयुगाची मोजलेली टक्केवारी सूत्रावरून काढलेल्या टक्केवारीपासून ०.४ च्या आत असावी, असा अनेक रसायनविषयक नियतकालिकांचा प्रघात आहे. उच्च विभेदनक्षमतेच्या वस्तुमान वर्णपटमापकाने लहान रेणूंचे रेणुसूत्र थेट ठरवता येते. तरी नमुना शुद्ध व कोरडा आहे की नाही, हे मूलद्रव्य विश्लेषणच अधिक स्पष्टपणे दाखवते.

महाराष्ट्रात कापड रसायनशास्त्राचे उच्च शिक्षण मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात १९३३ मध्ये सुरू झाले. ही संस्था आज रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. तिचे पहिले भारतीय संचालक कृष्णस्वामी वेंकटरामन रंगद्रव्यांच्या रसायनशास्त्रासाठी ख्यात होते. ते पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही पहिले भारतीय संचालक झाले. ही प्रयोगशाळा १९५० मध्ये स्थापन झाली. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या प्रगत विश्लेषण सुविधा केंद्रात बाहेरील महाविद्यालयांना व उद्योगांनाही शुल्क भरून नमुन्याचे मूलद्रव्य विश्लेषण करून घेता येते. नमुना वाळवून पाठवण्याची जबाबदारी मात्र पाठवणाऱ्याचीच असते.